आठची घंटा : कोल्हापुरातल्या एका मिशन होस्टेलचं प्रकरण

त्या रात्रीच्या प्रार्थनेच्या रजिस्टरात ५८ पैकी ५८ मुली हजर आहेत. ते पान मी जपून ठेवलं आहे. निळ्या शाईत एकाखाली एक 'ह', कुठे खाडाखोड नाही. आणि त्याच रात्री साडेदहाला रेक्टर मॅडमचा मला फोन आला. नर्सिंगची एक मुलगी खोलीत नाही, तिचा भाऊ दोन तास फोन लावतोय, ती उचलत नाही, आणि रूम पार्टनरना विचारलं की त्या नुसत्या एकमेकींकडे बघतात.

सप्टेंबर होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. होस्टेल माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. मी पोचले तेव्हा वॉचमन गेटवर सांगत होता की सातनंतर एकही पोरगी बाहेर गेलेली नाही. मॅडमनी हॉल, अभ्यासिका, बाथरूम सगळं पालथं घातलं होतं. पोलिसांत कळवायचं का, घरच्यांना काय सांगायचं, असं आम्ही दोघी व्हरांड्यात दबक्या आवाजात बोलत होतो. मेसच्या मावशी आवारातच मागच्या खोलीत राहतात. गडबड ऐकून त्या पदराला हात पुसत आल्या.

"बाई, वर टाकीपाशी बघा की. रोज तितंच असती ती पोरगी."

"रोज?"

"म्हैना झाला असंल. घंटा झाली की वर जाती. समद्या जेवून गेल्या की खाली येती. मी तिचं ताट झाकून ठेवतो."

ती तिथेच होती. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून, भिजलेल्या ओढणीत. फोन खोलीत गादीखाली होता. त्या दिवशी आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि खाली यायला पाय उचलेना, एवढंच ती म्हणाली.

हे सगळं मी लिहून काढते आहे, कारण ज्या रजिस्टरात ती हजर होती त्याचा नियम नऊ वर्षांपूर्वी मी लिहिला होता. होस्टेल समितीची सचिव म्हणून, चांगल्या हेतूने, आणि सगळ्यांच्या संमतीने. ख्रिस्ती संस्थांची वसतिगृहं चालवणारी माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कपाटात असंच एक रजिस्टर असणार.

होस्टेल आणि तिथल्या मुली

कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासूनचं. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी त्या वर्षी इथे आले, आणि १८७० मध्ये काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशन मंडळाकडे गेलं. शाळा आधी आल्या, दवाखाने मागून. शाळा आली की लांबच्या गावची मुलं कुठे राहणार हा प्रश्न येतोच. आमचं होस्टेल त्या प्रश्नातून उभं राहिलं. मंगलोरी कौलांची जुनी इमारत, तिला जोडून नवी तीन मजली, आणि त्याच आवारात संस्थेचं अनुदानित कनिष्ठ महाविद्यालय. ते 'अनुदानित' आणि ते 'त्याच आवारात' हे दोन्ही शब्द पुढे महत्त्वाचे ठरले.

या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. दसरा चौकातून पायी फिरलं तरी ते पटतं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. त्या यादीत इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आहे. बोर्डिंगला नाव जातीचं किंवा धर्माचं असे, पण महाराजांनी जागा आणि मदत दिली ती खेड्यातल्या पोराला शहरात अंथरूण आणि भाकरी मिळावी म्हणून. दोन वेळची सोय झाली तरच ते पोर शिकणार, हे त्यांना दिसत होतं. मिशनच्या होस्टेलांनाही ते दिसत होतं. फरक एवढाच की आमच्याकडे भाकरीच्या आधी प्रार्थना असे.

आमच्या ५८ मुलींपैकी ख्रिस्ती २२. बाकी मराठा, धनगर, बौद्ध, लिंगायत, चार जैन, तीन मुसलमान. गावं आजरा, चंदगड, गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडीची, काही सीमेपलीकडची निपाणी-संकेश्वरची. निम्म्या अकरावी-बारावीच्या, बाकीच्या नर्सिंग, बी.एस्सी., बी.कॉम. हिंदू घरातल्या आईवडिलांना विचारलं की मुलीला इथेच का ठेवलं, तर दोन कारणं ठरलेली: फी परवडते आणि मिशनमध्ये शिस्त असते.

ती शिस्त म्हणजे आठची घंटा. आठ ते साडेआठ हॉलमध्ये एक गीत, बायबलमधला शास्त्रपाठ, पाच मिनिटांचं बोलणं आणि प्रार्थना. मग जेवण. नऊ वर्षांपूर्वी दोन मुली रंकाळ्यावरून रात्री दहाला परतल्या होत्या. काही वाईट घडलं नव्हतं, पण समिती हादरली. हजेरी कधी घ्यायची यावर चर्चा चालली असताना मी सुचवलं की आठला सगळ्या एका जागी असतातच, तिथेच नावं घ्या, वेगळा खटाटोप कशाला. तीन गैरहजेरी झाल्या की घरी फोन. सगळ्यांना सोयीचं वाटलं. तेव्हापासून मुलगी आवारात आहे की नाही हे प्रार्थनेवरून ठरू लागलं आणि मुलगी प्रार्थना करते की नाही हे रजिस्टरवरून. दोन वेगळ्या गोष्टी एका पानावर आल्या, आणि नऊ वर्षांत त्या वेगळ्या होत्या हे आमच्यापैकी कुणाला आठवलं नाही.

इथे मेसबद्दल लिहायलाच हवं. जैन मुली चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवतात. मावशी त्यांना सहा वाजता कांदा-लसणाशिवाय वेगळं वाढतात, आणि त्याबद्दल समितीचा ठराव कधी झालेला नाही. रमजानमध्ये पहाटे चारला सहेरीसाठी गॅस पेटतो. नवरात्रात वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी होते, कारण निम्म्या मुलींना उपास असतो. बुधवारी रस्सा असतो, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी पातेलं निराळं आणि डावही निराळा. मावशी स्वतः उचगावच्या, गळ्यात तुळशीची माळ. कोण काय खात नाही हे त्यांना तोंडपाठ आहे. स्वयंपाकघराला जे केव्हाच जमलं होतं ते हॉलला जमलं नव्हतं.

शिरोळहून आलेलं पत्र

त्या रात्रीच्या दोन आठवडे आधी समितीला एक पत्र आलं होतं. शिरोळ तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं. त्यांची मुलगी अकरावीला, घर बौद्ध. पत्र अत्यंत सभ्य होतं. होस्टेलबद्दल, मॅडमच्या मायेबद्दल आधी आभार होते, आणि मग विनंती की मुलीला सायंप्रार्थनेतून सूट मिळावी, त्या वेळात ती खोलीत अभ्यास करील. शेवटी एका ओळीत संविधानाच्या कलम २८, उपकलम ३ चा उल्लेख.

खरं सांगायचं तर पत्र वाचून मला लागलं. जूनमध्ये याच गृहस्थांनी प्रवेश अर्जावर सही केली होती आणि त्यात नियम क्रमांक १४ स्पष्ट होता, 'विद्यार्थिनी दररोज प्रार्थनेस उपस्थित राहील'. मग आता कलम कसलं काढता, असं मनात आलं. पत्र पुढच्या सभेसाठी ठेवलं गेलं. ठेवणारी मीच.

नंतर मी ते कलम नीट वाचलं. त्याचा आशय असा: राज्याने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कुणालाही, त्या संस्थेतल्या किंवा तिला जोडलेल्या जागेतल्या धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, त्याने स्वतः, किंवा तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिली असेल तरच चालतं. 'जोडलेल्या जागेतल्या' हे शब्द मी तीनदा वाचले. आमच्या आवाराचंच वर्णन. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं, आणि समितीत आम्ही नेहमी त्याचाच आधार घेत आलो. तो हक्क खरा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. पण संस्था चालवण्याचा हक्क आणि सोळा वर्षांच्या दुसऱ्याच्या मुलीला प्रार्थनेला बसवण्याचा हक्क ही एकच गोष्ट आहे असं संविधान म्हणत नाही.

राहिली संमती. जूनमध्ये कोल्हापुरात होस्टेलची जागा मिळवताना काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. बाप एक दिवसाची रजा काढून येतो, सकाळपासून चार ठिकाणी फिरतो, दुपारी आमच्याकडे पोचतो. समोर एकच अर्ज, वीस नियम, खाली एकच सही. चौदावा नियम नको म्हणणारा माणूस दाराबाहेर कुठे जाणार? त्या सहीला संमती म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

टाकीपाशी बसणारी मुलगी

आमचा सगळ्यांचा समज असा की प्रार्थनेचा प्रश्न असला तर तो बिगरख्रिस्ती मुलींचा असणार. टाकीपाशी सापडलेली मुलगी आजरा तालुक्यातल्या ख्रिस्ती घरातली. तिचे वडील गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतात, ती स्वतः गाते. आदल्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमात तिचा आवाज सगळ्यांत वर होता. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही याचं एक कारण तेच. ती आपली, तिला काय लागायचंय.

आई जूनमध्ये गेली, किडनीच्या आजारानं. दफनविधीला एक गीत म्हटलं गेलं. तेच गीत आमच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा तरी होतं, कारण चाल सोपी आहे आणि सगळ्यांना येतं. जुलैत परत आल्यावर पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा ती उठून बाहेर गेली. गैरहजर. दुसऱ्यांदा गैरहजर. तिसऱ्यांदा नियमाप्रमाणे घरी फोन गेला. भावाने तिला झापलं, 'आई गेली म्हणून प्रार्थना सोडलीस काय?' त्यानंतर तिच्या रूम पार्टनरनी, एक राधानगरीची आणि एक निपाणीची, आलटून पालटून तिच्या नावाला 'हजर' म्हणायला सुरुवात केली. दोघी हिंदू घरातल्या. खोटं बोलून त्यांनी तिला महिनाभर रडायला जागा दिली. त्यांना शिक्षा करावी असं सभेत एकाने सुचवलं होतं, ते मी इतिवृत्तात लिहिलं नाही. आता इथे लिहिते, कारण त्यावरून आमची तेव्हाची मनःस्थिती कळते.

पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मात्र एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मॅडमना बरोबर घेऊन गच्चीवर गेले आणि तिच्यापासून जरा अंतरावर बसले. वीसेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, ते गीत आपण काही महिने बंद ठेवूया का? ती म्हणाली, "बंद नका करू. दुसऱ्यांना लागत असेल. मला जमेल तेव्हा मी येईन."

तिची परवानगी घेऊन हे त्यांनी समितीत सांगितलं. ती मुलगी आणि तिचे वडील यांनी हा मजकूर वाचला आहे, आणि गावाचं नाव गाळून बाकी ठेवायला होकार दिला आहे.

सभा

सभा चार तास चालली. मंडळीचे एक ज्येष्ठ वडील (चर्चच्या कारभारातले एल्डर), ज्यांचा मी मनापासून आदर करते, त्यांची आई याच होस्टेलात राहून शिकली. ते म्हणाले, "आठची घंटा ऐकत मी लहानाचा मोठा झालो. प्रार्थना ऐच्छिक केलीत की दोन वर्षांत हे लॉजिंग होईल. आणि मग मिशनचं नाव तरी कशाला ठेवायचं?" त्यांनी वायल्डर कुटुंबाचा दाखला दिला. या मातीत ज्यांनी काम उभं केलं, त्यांनी अशी ढिलाई केली असती का?

त्यांच्या म्हणण्यात वजन होतं. गावाकडून आलेली बुजरी मुलगी, जिला शहरात कुणी ओळखत नाही, ती रोज एकदा तरी सगळ्यांच्या नजरेसमोर बसते. तिच्या शेजारी रोज तीच मुलगी बसते आणि महिन्याभरात मैत्री होते. सवय लागते, आणि सवयीतून कधी कधी श्रद्धाही येते. अमेरिकेतली कित्येक ख्रिस्ती विद्यापीठं आजही सत्रात किती वेळा चॅपलला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, यायचं याचा आकडा ठरवून देतात आणि मोजतात, ते याच विचाराने. ती माणसं मूर्ख नाहीत. शिवाय तिथे शिकायला जाणारा विद्यार्थी ते जाणून, निवडून जातो. आमच्याकडे येणारी मुलगी कमी फी आणि एस.टी. स्टँडचं अंतर बघून येते, हा फरक मी मांडला.

आणि वायल्डरांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितली, जी मला लहानपणापासून प्रिय आहे. रॉयल वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर तो प्रिन्स्टनला शिकला. प्रिन्स्टनच्या घरी तो आणि बहीण ग्रेस रोज एकत्र प्रार्थना करत, काही विद्यार्थी मित्र तिथे जमत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे सुमारे अडीचशे कॉलेज विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथे रॉबर्ट एकेकाशी बोलत राहिला, आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी दाखवली. त्यातून पुढे विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. तिच्या नावातच स्वयंसेवक आहे. त्या शंभरांची नावं कुणी हजेरीत पुकारली नव्हती. आणि त्याच १८८६ साली हार्वर्डने रोजच्या प्रार्थनेची सक्ती उठवली. येलने १९२६ पर्यंत ठेवली. खुद्द प्रिन्स्टनची रविवारची सक्ती पूर्ण संपायला १९६४ उजाडलं. ज्या कॉलेजांनी हे सोडलं त्यांनी ते सहज सोडलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले होते. आम्ही एका सभेत ठरवायला बसलो होतो.

ज्येष्ठ वडील म्हणाले, हार्वर्डमध्ये आता किती प्रार्थना करतात ते बघा. मला उत्तर सुचलं नाही, आणि तो मुद्दा अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

वाद जिथे अडला होता तिथून तो रेक्टर मॅडमनी सोडवला. त्या एरवी सभेत बोलत नाहीत. म्हणाल्या, "रात्री सगळ्या पोरी आत आहेत का, एवढं मला कळायला हवं. त्याच्यासाठी देवाला मधे कशाला घेता? मी दारोदार जाऊन तोंडं बघीन." हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. नऊ वर्षं आम्ही प्रार्थनेला वॉचमनच्या कामाला लावलं होतं, हे त्या एका वाक्यात सगळ्यांना दिसलं.

काय बदललं

रजिस्टर हॉलमधून काढलं. घंटा आठला होते, प्रार्थना आठला होते, पाळकसाहेब किंवा समितीतलं कुणीतरी असतं, पण नाव कुणाचं घेतलं जात नाही. येणार नसेल ती खोलीत किंवा अभ्यासिकेत बसते. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची नाहीत, एवढीच अट. नऊ वाजता मॅडम आणि प्रत्येक मजल्यावरची एक सीनियर मुलगी खोलीखोलीत जाऊन प्रत्येकीला बघतात. 'हजर' ऐकून चालत नाही, तोंड दिसावं लागतं. याला पाऊण तास जातो, मॅडमचे गुडघे दुखतात, म्हणून समितीतल्या आम्ही तिघींनी आठवड्यातले वार वाटून घेतले. माझा मंगळवार. मला त्या पाऊण तासात जे कळतं ते नऊ वर्षांच्या इतिवृत्तांतून कळलं नव्हतं. कुणाचा ताप, कुणाच्या घरचं भांडण, कुणाचा पैसा आलेला नाही.

प्रवेश अर्जातून चौदावा नियम काढून त्याचा वेगळा कागद केला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की 'नाही' म्हटल्याने प्रवेशावर, फीवर किंवा खोलीवर काहीही परिणाम होणार नाही. अठराच्या आतल्या मुलीच्या कागदावर पालकाची सही. हा कागद प्रवेश पक्का झाल्यावर, आठवड्याने द्यायचा, त्या दिवशी नाही. ही सूचना शिरोळच्या गुरुजींची. त्यांना आम्ही बोलावलं होतं. आले, चहा घेतला, आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते टाकीपाशी सापडलेल्या मुलीबद्दल, कारण त्यांच्या मुलीने त्यांना सगळं सांगितलं होतं.

गच्चीवरून वाद झाला. वॉचमनचं म्हणणं, कुलूप लावा, उद्या काही झालं तर? बरोबरच होतं ते. दुःखात असलेल्या मुलीला अंधारात उंचावर एकटं सोडणं धोक्याचंच. पण कुलूप लावलं की ती आणखी कुठेतरी जाणार, जिथे मावशींनाही ठाऊक नसेल. शेवटी कठड्याला छातीच्या वर जाळी बसवली, टाकीपाशी दिवा आणि एक बाक ठेवला, आणि गच्ची साडेनऊपर्यंत उघडी ठेवली. जिन्याशी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लावला. सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. जूनमध्ये कुणाच्या घरी मृत्यू, आजार, मोडलेलं लग्न असं काही झालंय का हे मॅडम आता परतणाऱ्या प्रत्येकीला विचारतात. तेवढंच आधी विचारलं असतं तर.

पहिल्या आठवड्यात प्रार्थनेला ११ मुली आल्या. ज्येष्ठ वडील गुरुवारी आले, मागच्या बाकावर बसले, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मला त्यांच्या शेजारी बसवेना. नंतर आकडा वाढला, वीस-पंचविसाच्या आसपास राहिला, परीक्षेत पुन्हा घसरला. कोण येतं ते मात्र आमच्या अंदाजाबाहेरचं निघालं. काही ख्रिस्ती मुली यायच्या बंद झाल्या, त्यांच्या आयांनी मला फोन करून खडे बोल सुनावले. राधानगरीची ती रूम पार्टनर, जी 'हजर' म्हणायची, ती नेमाने येते. तिला गायला आवडतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी आपल्या मंडळीला ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं दिली, त्यांच्या चाली तिला घरच्या वाटतात. आजोबा दिंडीत जातात, असं म्हणाली.

सगळ्यात जास्त विरोध आला तो हिंदू पालकांकडून, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. पालकसभेत कागलचे एक गृहस्थ उभे राहिले: "सक्ती नसंल तर पोरगी मिशनमधे कशाला ठेवायची? तुम्ही बसवत होता म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो." त्यांना प्रार्थनेत काय म्हणतात ते माहीत नव्हतं आणि त्याची फिकीरही नव्हती, आठला पोरगी आत, हा त्यांचा विषय. मॅडमनी नऊच्या फेरीबद्दल सांगितल्यावर ते बसले. दोन पालकांनी मात्र मुली काढून दुसरीकडे नेल्या.

एक गोष्ट साफ फसली. प्रत्येक नव्या मुलीला एक सीनियर सोबतीण द्यायची, आठवड्यातून एकदा चहा घेत बोलायचं, अशी योजना मी मोठ्या उत्साहाने आखली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती संपली. सीनियर मुली नर्सिंगच्या रात्रपाळीने दमलेल्या, आणि ठरवून दिलेल्या मैत्रीत बोलायचं काय हे दोघींनाही कळेना. ती पुन्हा सुरू केलेली नाही.

आजऱ्याकडची मुलगी त्या वर्षी प्रार्थनेला आली नाही. बाकावर बसायची, कधी निपाणीची तिच्याबरोबर असायची. खालून पेटीचा आवाज येतो तिथपर्यंत. घंटा झाली की आता ती आधी मेसमध्ये जाते आणि मावशींना सांगून वर जाते. ताट झाकायचं काम सुटलं नाही, फक्त आता मॅडमनाही ठाऊक असतं.

या जूनमध्ये संमतीचे ६१ कागद परत आले. ३७ वर 'हो', १९ वर 'नाही'. पाच कोरे. ज्येष्ठ वडिलांचं म्हणणं, कोरा म्हणजे विरोध नाही, तेव्हा 'हो' धरा. त्या पाच जणींना मी एकेकीला बोलावून विचारलं. तिघी म्हणाल्या, घरी विचारते. एक काहीच बोलली नाही. पाचवीने विचारलं, "बाई, काही दिवस येऊन बघितलं आणि मग सांगितलं तर चालेल?" चालेल म्हटलं. पाचही कागद आम्ही 'नाही'मध्ये लावले.